दर्यात गोडं पाणी

“मग तुझं त्यात काम काय?”

“काहीच नाही,” हेमांगी म्हणाली. “तीच तर खुबी आहे, बुवा.”

धुंडाबुवा समोरच्या वाळूकडे पाहत राहिले.

खाडीकाठच्या त्या मठाची एक रीत होती. प्रश्न नुसता तोंडी सांगायचा नाही, कागदावरही आणायचा नाही. अंगणातल्या वाळूत बोटानं मांडायचा. बुवा बघत. ज्यात खोट दिसेल तेवढंच ते हातानं पुसत, आणि का पुसलं ते सांगत नसत. ज्याचं त्यानं शोधायचं.

कॉलेजात असताना हेमांगी तांडेल सुट्टीला गावी आली की आपलं प्रत्येक नवं मत घेऊन इथं येई. पुसलेलं पुन्हा काढी. बुवा पुन्हा पुसत. गावात कुणाशी वाद घालण्यापेक्षा हे बरं, असं ती म्हणे. इथं निदान समोरचा “मुलीच्या जातीनं…” असं सुरू करत नाही.

आता ती नाशिकला नोकरीला होती. आज पहिल्या एसटीनं आली होती आणि आल्या आल्या वाळूत बसली होती.

तिनं काढली होती ती एक खोली. खिडकी, खाट, आणि खाटेसमोर एक लांबट चौकोन.

“ही काचेची टाकी,” ती म्हणाली. “खाऱ्या पाण्याची. नाशकात समुद्र नाही, म्हणून मी घरात आणतेय. सगळे म्हणतात जमणार नाही. दादा म्हणतो, खाऱ्या पाण्याचे मासे म्हणजे पांढरा हत्ती पोसणं, रोज त्याच्या मागं उभं राहावं लागतं. मी म्हटलं, बघच. अशी टाकी बसवते की तिच्याकडे कुणाला ढुंकून बघावं लागणार नाही.”

“बघायला तर आणतेस ना?”

“शब्दात पकडू नका, बुवा. खोट असेल तर पुसा.”

बुवा हसले. पुढं सरकले.

ती भराभर सांगत गेली. टाकी मोठीच घ्यायची. नवखे लहान घेतात आणि फसतात, कारण थोडं पाणी लवकर नासतं. तळाला वाळू, वर सच्छिद्र दगड, तेच पाणी साफ ठेवतात. आधी नुसतं पाणी आणि दगड मुरू द्यायचे, मासे घाईनं सोडायचे नाहीत. मग दोनच मासे, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. शेवाळ खायला गोगलगायी. शंखात राहणारा एखादा खेकडा. प्रवाळ नाही, त्याचे नखरे फार. दिवा आपोआप लागेल, आपोआप विझेल. खाणं यंत्र टाकेल.

“हे मासे खायचे कधी?”

“खायचे नाहीत!”

“तांडेलाच्या घरात मासे, आणि खायचे नाहीत.” बुवांनी मान हलवली. “तुझ्या बापाला सांगितलंस?”

हेमांगीनं टाकीचा एक कोपरा उगाच ठळक केला.

बराच वेळ बुवांचा हात मांडीवरच होता. टाकी नाही पुसली, दगड नाहीत, मासे नाहीत. तिला आतून स्फुरण चढलं. यांना खोट सापडतच नाहीये. मिळणार कुठून? महिनाभर वाचलंय मी…

तेवढ्यात बुवांचा हात पुढं आला.

टाकीच्या बाजूला तिनं एक छोटी चौकट काढली होती, आणि चौकटीतून टाकीत जाणारी एक नळी. बुवांनी तळव्यानं ती चौकट आणि नळी दोन्ही पुसली.

“ते कशाला पुसलंत? तीच तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे!”

बुवांनी हात परत मांडीवर ठेवला.

“तुम्हाला कळलं नसेल. सांगते. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं. पण उडतं ते नुसतं पाणी. मीठ मागंच राहतं. पाणी कमी, मीठ तेवढंच. म्हणजे टाकी दिवसेंदिवस जास्तच खारट होत जाते, आणि मासे तडफडतात. म्हणून रोज पाणी घालावं लागतं. गोडं पाणी.”

“समुद्रात गोडं?”

“गोडंच! सगळे तिथंच चुकतात. समुद्राची टाकी म्हणून खारं पाणी ओततात आणि मासे मारतात. तर ती चौकट म्हणजे गोड्या पाण्याचा साठा. पातळी उतरली की पंप आपोआप सुरू होतो. माणूस लागतच नाही.”

तिनं चौकट पुन्हा काढली. नळी पुन्हा काढली.

बुवांनी पुन्हा पुसली.

“बुवा!”

तिनं तिसऱ्यांदा काढली, आधीपेक्षा खोल. वाळूखालची ओली माती वर आली.

बुवांनी ती पुसली, आणि माती झटकून हात स्वच्छ केला.

“ठीक आहे,” हेमांगी म्हणाली. तिचे कान तापले होते. “तुम्ही पुसत राहा. मी काढत राहीन. मला घाई नाही.”

“मलाही नाही.”

खाडीवरून वारा आला.

मग बुवांनी बोट खाटेवर ठेवलं.

“हे काय?”

“आबांची खाट.”

“कसे आहेत वडील?”

“उत्तम ठेवलंय त्यांना.” हे उत्तर तिच्या तोंडात तयारच असे. दादाला हेच, काकांना हेच. “झटका आल्यावर सगळे म्हणाले, तुला झेपणार नाही, एकटी मुलगी, नोकरी. मी झेपवून दाखवलं. बाई येते, अंघोळ घालते, भरवते. औषधाच्या वेळेला मोबाईल वाजतो. खाटेवर कॅमेरा आहे, ऑफिसातून दिसतं. पाठीला जखम होऊ नये म्हणून हवेची गादी, ती आपोआप फुगते. उजवी बाजू गेली, पण डावा हात चालतो.”

“डाव्या हातानं जेवतात?”

“सांडतात. बाईनं भरवलं की पटकन होतं.”

“आणि दिवसभर?”

“दिवसभर काय?”

“करतात काय?”

“काही नाही. त्यांना काही करावंच लागू नये, अशी सगळी…”

ती थांबली. नजर वाळूवर गेली, खाटेवरून टाकीवर, टाकीवरून पुसलेल्या जागेवर. मग तिनं रागानं केस मागं सारले.

“कळलं तुम्ही कुठं नेताय ते. पण मी काय करू? नोकरी सोडू? त्यांना उन्हात होडी ओढायला लावू? ज्या माणसानं जन्मभर जाळी ओढली त्याला आता तरी आराम नको? डॉक्टर म्हणतात जिभेला काही झालेलं नाही, आवाज शाबूत आहे. तरी सहा महिने झाले, बुवा, एक शब्द नाही. भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. मी म्हटलं, निदान भिंतीच्या जागी समुद्र ठेवते. तोंड तरी वळवतील. एवढंच हवंय मला. ही टाकी त्यासाठी आहे. आणि मी ती बसवणार, तुम्ही पुसा नाहीतर नका पुसू.”

“बसव की.”

“मग साठा का पुसताय? पाणी घालणार कोण?”

बुवांचं बोट खाटेवरून उठलं नव्हतं.

हेमांगीनं बोटाकडे पाहिलं. मग बुवांकडे.

“आबा?”

बुवांनी बोट खाटेवर एकदा टेकवलं आणि उचललं.

“त्यांचा हात थरथरतो.”

“थरथरेल.”

“पाणी सांडेल. खालच्या मजल्यावर गळेल. खालचे कुलकर्णी आधीच माझ्या जिवावर उठलेत.”

“गळेल.”

“एखाद्या दिवशी जास्त पडेल. एखाद्या दिवशी घालायचेच नाहीत. मासे मरतील!”

“मरतील एखादवेळी.”

“वा! हा तुमचा उपाय? मी महिनाभर डोकं फोडून एक मासा मरू नये अशी टाकी उभी करतेय, आणि तुम्ही…” ती उठून उभीच राहिली. “बरं, धरून चालू. दिलं त्यांना पाणी घालायला. पण ते घालतील का? तुम्ही ओळखता ना आबांना? गोडं पाणी म्हटल्याबरोबर माझी सालटी काढतील!”

“हो?”

“मग! चाळीस वर्षं बोटीवर तांडेल होते, बुवा. समुद्रात गोडं पाणी ओतायचं हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणाला पटणार नाही. ऐकूनच घेणार नाहीत.” तिनं कमरेवर हात ठेवले, हनुवटी वर केली, आणि तिच्या तोंडून आबांचाच आवाज निघाला, अख्ख्या बंदराला ऐकू जाणारा. “‘अगं ए दीडशहाणे! दर्यात गोडं पाणी घालतेस? हेच शिकवलं का तुझ्या कॉलेजात? उद्या माशाला पोहायला शिकवशील! हो बाजूला, तुझ्या बापाला दर्या माहीत की तुझ्या त्या मोबाईलला? आण ते मीठ इकडे…’ दिवसभर भांडतील माझ्याशी! घर डोक्यावर घेतील! मला ऑफिसला जायची पंचाईत होईल, असे भां…”



आवारात शेवग्यावर बसलेले दोन कावळे तिच्या ओरडण्यानं उडाले होते. ते लांब जाऊन पुन्हा बसले. हेमांगी उभीच होती. कमरेवरचे हात कधी खाली आले ते तिला कळलं नाही.

बुवा तिच्याकडे पाहत होते. वाळूकडे नाही.

“शेवटचे कधी भांडले?” त्यांनी हळूच विचारलं.

…

खाडीत कुठंतरी इंजिन सुरू झालं, बंद पडलं, पुन्हा सुरू झालं.

हेमांगी खाली बसली. तिनं डोळे पुसले नाहीत. पुसले असते तर रडल्याचं कबूल केल्यासारखं झालं असतं. पुसलेल्या जागेवर तिनं बोट टेकवलं. काढलं मात्र काही नाही.

“पंप मी आणणारच आहे,” ती अखेर म्हणाली. आवाज अजून ताठ होता. “मासे मेलेले मला चालणार नाहीत. कपाटात ठेवीन. बिघडलं काही तर लावता येईल.”

“ठेव.”

“आणि त्यांना मी आधी नीट समजावून सांगेन. की उडतं ते पाणी, मीठ राहतं, म्हणून गोडंच घालायचं, खारं घातलं तर…”

“छे,” बुवा म्हणाले. “काही सांगू नकोस. नुसता गोड्या पाण्याचा तांब्या हातात दे.”