चार पाकळ्यांचं अंगण

दोष दरबारी मोजणी करणाऱ्या धुंडिराजशास्त्र्यांचा होता. पण तो त्यांना सांगणार कोण? त्यांचं वय सत्तर! सत्तरी गाठली की माणूस चुकायचा बंद होतो, असं त्या दरबारातल्या सगळ्या पिकल्या केसांचं ठाम मत होतं.

वज्रसेन राजाने लेकीच्या लग्नासाठी चार पाकळ्यांचं अंगण बांधलं. ते गेरूने रंगवायचं होतं. गेरू किती लागेल?

शास्त्रीबुवांनी मधल्या खांबापासून दोऱ्या ताणून कलिंगडासारख्या बारा फाका पाडल्या. दोऱ्यांवर सारख्या अंतराने गाठी मारल्या आणि गाठीगाठीवरून खांबाभोवती रेघा ओढल्या. झाले खण तयार. एका पाकळीत तीन फाका. मधली सहा खणांची, दोन्ही बाजूंच्या चार-चार खणांच्या. पाकळीचे खण चौदा, चार पाकळ्यांचे छप्पन्न. मग खांबाला चिकटलेला एक खण रंगवून पाहिला. बरोबर एक गाडगं गेरू लागला. कडेचा खण का नाही पाहिला? तिकडे ऊन होतं!

छप्पन्न गाडगी आली. रंगवायला बसली येसू, मळणी करणाऱ्या खंडूची मुलगी. दुपारी गाडगी संपली, आणि एक पाकळीसुद्धा पुरी झाली नव्हती!

"चोरी!" शास्त्रीबुवा कडाडले. "महाराज, पोरीने गेरू विकून खाल्ला!"

राजा शास्त्रीबुवांपेक्षा दहा वर्षांनी लहान, म्हणजे हट्टीपणात फार मागे नव्हता. "येसू, सूर्यास्ताच्या आत चोरलेला गेरू आणून दे. नाहीतर बापासकट शिवेबाहेर चालती हो!"

"जो चोरलाच नाही तो कुठून आणू, महाराज? हिशेबच चुकलाय."

"माझा हिशेब?" शास्त्रीबुवा हसले. "तुझं वय काय गं?"

"सतरा. पण मोजलंय मी गाडग्यांनी, वयाने नाही!"

दरबारी खोकले. राजा म्हणाला, "दाखव तर!"

"या पाकळीच्या दोन फाका पुऱ्या झाल्या. तिसरीतले खांबाजवळचे दोन खण झाले, बाहेरचे दोन राहिले. शास्त्रीबुवा, तेवढ्याला किती गाडगी लागतील?"

"दोन! शेंबडं पोर सांगेल."

"मी म्हणते, बारा. एक जास्त नाही, एक कमी नाही. चुकले तर सूर्यास्ताची वाट नका बघू, आत्ताच जाते."

राजाने चौदा गाडगी मागवली. "शास्त्रीबुवा, तुमची दोन तुम्ही लावा."

"मी? उन्हात?"

"हिशेब तुमचा ना?"

शास्त्रीबुवा धोतर खोचून बसले. दोन गाडगी उपडी झाली. तिसऱ्या खणाचा निम्मा भागही लाल झाला नाही. त्यांनी गाडग्याचा तळ खरवडला, बोटं निपटली, शेवटी घाम पुसला. कपाळ तेवढं लाल झालं.

"पुसून काढा आणि सरका," येसू म्हणाली. खण कोरा झाल्यावर तिने पाच गाडग्यांत तो भरला. चौथ्याला सात लागली. शेवटचा थेंब शेवटच्या कोपऱ्यात गेला.

राजा उठून जवळ आला. "हे कसं गं?"

"मळणीत खांबाजवळ म्हातारा बैल जुंपतात आणि कडेला तरणा. फेरा एकच, पण कडेच्याला चाल किती पडते! म्हातारा खांबाला चिकटून फिरतो आणि त्याला वाटतं, सगळे आपल्याइतकंच चालतात. खणांचंही तेच. पहिल्याला एक गाडगं, दुसऱ्याला तीन, मग पाच, सात, नऊ, अकरा. खांबापासून जितका लांब तितका रुंद!"

"मग सबंध फाकेला?"

"जितके खण, त्या आकड्याची तितकीच पट. चारांची फाक, चार चोक सोळा. सहांची, सहा सक छत्तीस. सोळा, छत्तीस आणि सोळा, पाकळीला अडुसष्ट. चार पाकळ्यांना दोनशे बाहत्तर. बाकीच्या तिन्हींसाठी दोनशे चार पाठवा, म्हणजे मांडवाआधी काम उरकेल!"

राजा शास्त्रीबुवांच्या लाल कपाळाकडे बघून खो-खो हसायला लागला. हसता हसता त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून येसूला दिलं आणि राज्यातल्या मोजणीचं काम तिच्याकडे सोपवलं.

धुंडिराजशास्त्र्यांचं वर्षासन गेलं, पालखी गेली, आणि ते उन्हातून चालत घरी गेले.