तीन सेकंदांची ओळ

“पण माझं चुकलंय कुठे, तेवढं तरी सांगा ना सर!”

पुण्याहून येताना बसमध्ये सारंग बेडेकरने हा प्रश्न निदान वीस वेळा मनात घोळवला होता. घोळवताना तो फार बाणेदार वाटला होता. प्रत्यक्षात तोंडातून बाहेर पडला तो शाळेतल्या पोराने वाढीव मार्क मागावेत तसा.

दस्तगीर अत्तार सरांचं लक्ष हातातल्या कामात होतं. ओसरीवर मांडी घालून ते एका फाटक्या पुस्तकाच्या पाठीला खळ लावत होते.

सर गणिताचे मास्तर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. माणदेशातल्या या गावात बसून त्यांनी वाचनालयांसाठी ‘ग्रंथपेटी’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता. कोणतं पुस्तक कोणी नेलं, कधी परत आणलं, एवढंच तो सांभाळायचा. फुकट होता आणि उघडा होता. म्हणजे त्याची प्रत्येक ओळ इंटरनेटवर कोणीही वाचावी, खटकलं तर दुरुस्ती सुचवावी. अशा दुरुस्तीला पॅच म्हणतात. पॅच घ्यायचा की परत पाठवायचा, हे सर ठरवायचे.

सारंगचा पॅच त्यांनी तीनदा परत पाठवला होता.

तिन्ही वेळा एकच प्रश्न लिहून... ‘ही ओळ का काढली?’

तिन्ही वेळा सारंगने एकच उत्तर लिहिलं होतं... ‘निरुपयोगी आहे म्हणून.’

आता पोरगा हुशार होता, यात वाद नाही. पण आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच नीट माहीत होतं. निघताना त्याने मित्रांना सांगून ठेवलं होतं, आज पॅच घेतला तर ठीक, नाहीतर ग्रंथपेटीची वेगळी प्रत काढून मीच चालवतो, मग बसा म्हणावं प्रश्न विचारत.

“नियम वाचलेस?” सरांनी विचारलं.

“पाठ आहेत.”

“म्हण बघू.”

सारंगच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी म्हणाला, “एका पॅचमध्ये एकच बदल. बदल का केला ते सोप्या मराठीत लिहावं. जिथे वापर होणार तिथे बसून बघावं. प्रत्येक ओळीला कारण असावं, आणि ते तिच्या शेजारी लिहावं.”

“तू किती बदल केलेस?”

“अकरा. सगळे चांगले आहेत.”

“दहा चांगले आहेत,” सर म्हणाले.

... ... ...

“म्हणजे पुन्हा तीच ओळ!” सारंगने हातातली पिशवी खाली आपटली. “सर, पुस्तकाचा नंबर टाकून एंटर दाबलं की तुमचा प्रोग्रॅम तीन सेकंद नुसता बसून राहतो. काही म्हणजे काही करत नाही. त्या तीन सेकंदांत कुठलीही कळ दाबा, ऐकत नाही. कशासाठी? शेजारी तुमचं नाव आहे, तारीख आहे, कारण मात्र नाही. प्रत्येक ओळीला कारण लिहा, हा नियम तुमचाच ना? मग तो काय फक्त आमच्यासाठी आहे?”

झालं. एवढंच बोलायला तो सहा तास बसमध्ये बसला होता.

सरांचा ब्रश थांबला.

“खरं आहे,” ते म्हणाले. “नियम मी मोडलाय.”

भांडणाची सगळी तयारी करून आलेल्या माणसाला समोरच्याने मान्य करून टाकलं की मोठी पंचाईत होते.

“मग... काढायची ना ओळ?”

“तू प्रोग्रॅम चालवून कुठे पाहिलास?”

“माझ्या लॅपटॉपवर. दहा हजार पुस्तकं, एका दमात.”

“तिथे वाचायला कोण येतं?”

सरांनी खळीची वाटी झाकली, चपला पायात सरकवल्या आणि ते चालू लागले.

गावचं वाचनालय चार घरं पलीकडे होतं. दोन खोल्या, आठ कपाटं, खिडकीशी एक टेबल आणि टेबलावर जुना कॉम्प्युटर. त्यामागे यशवंततात्या लोहार बसले होते. स्वच्छ पांढरा सदरा, नाकावर चष्मा, आणि डावा हात उजव्या हातावर अलगद ठेवलेला. एकतीस वर्षं हे वाचनालय तात्या उघडत होते आणि बंद करत होते.

सर दारातच थबकले. आत जावं की न जावं, असा क्षणभर विचार करत असावेत.

“तात्या,” ते म्हणाले, “हा सारंग. याने आपल्या ग्रंथपेटीत सुधारणा केल्यात. तुमच्या यंत्रावर बसवून बघू म्हणतोय. बसवू द्यायचं?”

“बसवू दे की!” तात्या खुशीने म्हणाले. “शिकलेली पोरं आहेत. ये बाळा, ही खुर्ची घे, तिचा पाय हलत नाही.”

सर कपाटाशी गेले आणि पाठ करून पुस्तकं लावत बसले.

सारंगने पाच मिनिटांत काम उरकलं. स्वतः चार-सहा नंबर टाकून पाहिले. एंटर दाबलं की नोंद हजर. तात्या कौतुकाने बघत होते.

“वा! नुसता पळतोय की.”

सारंगने कपाटाकडे पाहिलं. सरांची पाठ तशीच होती.

तेवढ्यात अंगणवाडीच्या कदमबाई आल्या. हातात दोन पुस्तकं. त्यांनी एक पुढे केलं.

तात्यांनी एका बोटाने, शोधून शोधून, नंबर टाकला. मग ते बोट एंटरवर गेलं.

पडद्यावर पुस्तकाची नोंद झाली. लगेच तीच पुन्हा झाली. आणि पुन्हा. मग लाल अक्षरं आली... ‘या वाचकाची तीन पुस्तकं झाली. आणखी देता येणार नाही.’

“आता गं बया,” कदमबाई म्हणाल्या. “मी तर एकच दिलंय.”

“थांबा हं, माझंच काहीतरी...” तात्यांनी नोंदी पुसल्या. पुन्हा नंबर टाकला. पुन्हा एंटर.

तीन नोंदी. लाल अक्षरं.

तात्यांनी तिसऱ्यांदा केलं. या वेळी फार जपून. ओठ दाबून.

तीन नोंदी.

सर अर्धं पाऊल पुढे आले... आणि थांबले.

तात्यांनी उजवा हात टेबलाखाली घेतला. “बाई, तुम्हीच वहीत लिहून ठेवा ना. आज चष्मा घरी राहिलाय.”

चष्मा नाकावरच होता. कदमबाईंनी तो पाहिला, आणि वही ओढून घेतली.

तात्या जरा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग कपाटाच्या दिशेने म्हणाले, “दस्तगीर, या महिन्यात कमिटीकडे चाव्या देऊन टाकाव्या म्हणतो. चुका व्हायला लागल्या आता. दुसऱ्याने दाखवून देण्याआधी आपण उठलेलं बरं.”

सरांनी हातातलं पुस्तक परत कपाटात ठेवलं.

आणि तेव्हा कुठे सारंगने नीट पाहिलं. पडद्याकडे नाही, टेबलाखाली. डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला होता, तरी तात्यांचा उजवा हात थरथरत होता. एंटरवर बोट टेकलं की टेकल्या जागी ते हलायचं. एकदा दाबायची कळ तीनदा दाबली जायची. ती थरथर निवायला किती वेळ लागत असेल, हे सारंगने मनात मोजलं नाही. त्याची गरजच नव्हती. ते कोणीतरी या टेबलाशी बसून केव्हाच मोजलं होतं.

त्याचा चेहरा कानापर्यंत तापला. एवढी लाज त्याला आजवर कधी वाटली नव्हती.

“तात्या,” तो म्हणाला, “तुमचं काही चुकलेलं नाही. चूक माझी आहे.”

“असू दे रे बाळा. तू कशाला...”

“समजूत काढत नाहीये. हा नवा प्रोग्रॅम मी लिहिलाय ना, त्यात मीच घोळ घालून ठेवलाय. चालू असलेली एक गोष्ट काढून टाकली मी. न विचारता.”

कदमबाईंनी वहीतून मान वर केली. “एवढं पुण्यासनं आलासा, ते घोळ घालायला व्हय?”

“हो,” सारंग म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

त्याने जादा नोंदी पुसल्या आणि ती ओळ होती तिथे परत ठेवली. उठून तात्यांना जागा करून दिली.

तात्यांनी नंबर टाकला. एंटरवर बोट टेकवलं.

एक नोंद झाली. मग एक... दोन... तीन सेकंद... पडदा शांत.

तात्यांनी कदमबाईंचं दुसरं पुस्तक घेतलं. त्याचीही एकच नोंद झाली. मग कोणी मागितलेलं नसताना टेबलावरचं तिसरं पुस्तक स्वतःच्या नावावर घेऊन पाहिलं.

“म्हणजे माझं चुकत नव्हतं,” ते म्हणाले.

“तुमचं नव्हतं चुकत, तात्या.”

तात्या हसले. अगदी मोकळे हसले. मग त्यांना एकदम आठवलं की आपण वडीलधारे आहोत. “पण पोरा, गावोगाव पाठवायच्या आधी बघत जा रे असं बसून. आमच्यासारख्याला वाटतं, आपणच कामातून गेलो.”

“बघत जाईन.”

“आणि दस्तगीर, ते चाव्यांचं मी बोललो ते कमिटीपुढे काढू नकोस. उगाच डोक्यावर बसतील.”

“मी काही ऐकलंच नाही,” सर कपाटाजवळून म्हणाले.

मग सर आणि सारंग वाचनालयाच्या पायरीवर बसले. समोरच्या हॉटेलातून चहा आला. उन्हं पायांपर्यंत आली होती, आणि दोघांनाही ती हवीशी वाटत होती.

“सर, हे एका ओळीत लिहून कळवलं असतंत, तर मी तो पॅच पुन्हा पाठवलासुद्धा नसता.”

“कुठे लिहिणार?”

“तिथेच. पॅचखाली.”

“तिथे सगळं जग वाचतं.”

“जगाला तात्या कुठे माहीत आहेत?”

सरांनी मानेनेच आत खूण केली. तात्या चष्मा सावरून पडद्यावर काहीतरी वाचत होते.

“तात्या रोज वाचतात,” सर म्हणाले. “कोडमधलं त्यांना अक्षर कळत नाही. पण शेजारी मराठीत जे लिहिलेलं असतं, ते एकूण एक वाचतात. तुझी उत्तरंही वाचलीत. शुद्धलेखन चांगलं आहे म्हणत होते.”

... ... ...

“आज तुम्ही मला थांबवलं का नाही?” सारंगने हळूच विचारलं.

“मला वाटलं, मी तिसऱ्यांदा विचारल्यावर तू थांबशील.” सरांनी कप खाली ठेवला. “आणि आज मी थांबवायला हवं होतं. ते माझं चुकलं.”

सारंगने लॅपटॉप उघडला. अकरा बदलांची मोट सोडली. दहा बदलांचे दहा पॅच केले, प्रत्येकाखाली दोन ओळी कारण लिहिलं. तासभर गेला. सर शेजारी बसून एकेक वाचत होते आणि हं, हं करत होते. सहाव्याला म्हणाले, हे मला सुचायला हवं होतं. सारंगला बरं वाटलं, पण सकाळी वाटलं असतं तितकं नाही.

मग तो त्या ओळीशी आला.

शेजारची जागा कोरी होती. त्याने लिहिलं, ‘वापरणाऱ्याचा हात...’ आणि पुसून टाकलं.

‘वयस्कर लोकांसाठी...’ लिहिलं. आत बघितलं. तेही पुसलं.

आतून तात्यांचा आवाज येत होता. कोणा पोराला ते सांगत होते की हे पुस्तक घे, पहिली वीस पानं कंटाळा येईल, पण सोडू नकोस.

सारंगने लिहिलं... ‘कारण आहे. काढण्याआधी विचारावं.’

आणि लॅपटॉप सरांपुढे सरकवला.

सरांनी चष्मा लावला. चार शब्दच होते, तरी त्यांनी ते दोनदा वाचले.

“घेतला,” ते म्हणाले.

ग्रंथपेटीत सारंग बेडेकरच्या नावावर आलेला पहिला पॅच तो. त्याने प्रोग्रॅम तसूभरही जलद झाला नाही. सारंगला मात्र वेगळी प्रत काढायची आठवणसुद्धा राहिली नव्हती. चहाचे कप परत देऊन आला तेव्हा तो चक्क शीळ घालत होता.

बस चारची होती. उठता उठता तो म्हणाला, “सर, एक राहिलं विचारायचं. ही ओळ कधी ना कधी काढावी तर लागेलच ना? तेव्हा...”

बोलता बोलताच त्याला कळलं होतं, आपण काय विचारतोय.

सर दारातून आत बघत होते. तात्या नंबर टाकत होते, शोधून शोधून, एका बोटाने...

“तो पॅच तू पाठव,” सर म्हणाले. “माझ्याच्याने व्हायचं नाही.”