बाबांच्या सीटवरचं पाणी

"…मग यातलं कुठलं लावू, माई?"

हेरंबने मठाच्या ओसरीवर बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. कोल्हापूरला मुद्दाम जाऊन, दुकानं पालथी घालून आणलेल्या. पलीकडे फणसाच्या सावलीत मठाची करडी गाडी चारी दारं उघडी टाकून उभी होती.

माई सुपातल्या डाळीतले खडे वेचत होत्या. मठाचे गुरू असलेले बाबा वारले, तेव्हापासून मठ त्यांच्याकडे होता. नव्या माणसाला त्या स्वयंपाकघरातल्याच कुणी वाटत, आणि ते त्यांना चालत असे.

"तू सांग," माई म्हणाल्या. "मी ऐकते."

हेरंबला तेच हवं होतं. मठात येण्याआधी तो रंगाच्या कारखान्यात रसायनं तपासायचा. कुठल्या वस्तूला काय मानवतं, हे त्याला तोंडपाठ होतं आणि त्याचा थोडा ताठाही होता.

"पुढच्या सीटा रेक्झिनच्या. रेक्झिन म्हणजे प्लास्टिकच. ते तेल पीत नाही. लावलं तर वर तरंगतं आणि धूळ धरून बसतं. त्याला साबणाचं पाणी, मऊ फडका, आणि उन्हानं तडकू नये म्हणून हे पातळ औषध. झालं."

"आणि मागची?"

"मागची चामड्याची. चामडं पितं, माई. त्याला कडक साबण चालत नाही, स्पिरिट तर मुळीच नाही. कोरडं पडून भेगाळतं. आधी हे सौम्य धुणं. तेसुद्धा एका कोपऱ्यात लावून बघायचं, रंग सुटत नाही ना. मग हे मलम, बोटभर."

"ही बाजूला का ठेवलीस?"

काळी, चपटी बाटली होती. हेरंबने ती जपून हातात घेतली.

"ही सगळ्यात भारी. लावली की वर काचेसारखा पापुद्रा धरतो. मग आत काही जात नाही. पाणी नाही, घाम नाही, काही नाही."

"मग चामडं पिणार काय?"

"आता त्याला पिण्याची गरज नाही. आहे तसं राहील."

माईंची बोटं डाळीत थांबली.

"…आहे तसं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खडे वेचू लागल्या.

त्या 'आहे तसं'मध्ये काय होतं, ते त्यांनाही ठाऊक होतं.

बाबांच्या पाठीला जुनं दुखणं होतं. ती सीट एका भक्तानं स्वतःच्या हातांनी शिवून दिली होती. तो जातीनं चांभार, हाताचा मोठा कसबी. मठात चामडं नको म्हणून काहीजण कुरकुरले होते. बाबा सरळ जाऊन तिच्यावर बसले, आणि पुढे कायम डाव्या बाजूलाच बसत राहिले. गाडी हेरंब चालवायचा. आरशात बाबा दिसायचे.

आता आरशात फक्त सीट दिसे. बाबांच्या बसण्यानं तिथं एक खळगा पडला होता. चामडं तेवढंच काळसर, तेवढंच मऊ.

हेरंब त्या जागी कुणाला बसू देत नसे. कुणी विचारलंच तर म्हणे, स्प्रिंग बिघडलीय.

"मला वाटतं," तो हळूच म्हणाला, "त्या जागेवर कुणी बसूच नये, माई."

माईंनी सूप बाजूला ठेवलं.

"बरं. पण आधी तातोबांना बहिणीकडे सोडून ये. घाटाखाली. तिनं अंथरूण धरलंय. भावाला बघायचंय म्हणते. फाटकाशी येऊन बसलेत ते मघापासून."

"पुढे बसतील ना?"

"पुढे त्यांचा गुडघा वाकत नाही. मागेच बसवावं लागेल. डाव्या दारानं. उजव्या पायावर त्यांना जोर देता येत नाही."

तातोबांना नाही म्हणणं कुणालाच शक्य नव्हतं. बाबा मठात आले तेव्हा त्यांना पहिली भाकरी तातोबांनी घातली होती. पुढे हात थकेपर्यंत मठाची चूल त्यांनीच सांभाळली.

तो कोठीत गेला. गाद्यांवर घालायचं जाड प्लास्टिक तिथं होतं. ते त्यानं आणलं, बाबांच्या जागेवर नीट अंथरलं, कडा खाली खोचल्या. हात फिरवून सुरकुत्या काढल्या.

मग तातोबांना हाताला धरून आणलं. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी. म्हातारा आज सणासारखा नटला होता.

दाराशी येऊन त्यांनी आत वाकून पाहिलं.

प्लास्टिक वाऱ्यानं करकरलं.

तातोबा तसेच उभे राहिले.

"बाळ… तुला कुनी सांगितलं?"

"काय, तातोबा?"

म्हाताऱ्यानं मान खाली घातली.

"मला धरवत न्हाई आता. कळायच्या आत हुतंय. मागं येष्टीत झालं… लोकं नाकाला पदर लावून उठली. तवापासनं कुठं गेलोच न्हाई." ते थांबले. "मला वाटलं, माईंबिगर कुनाला ठावं न्हाई."

हेरंबने प्लास्टिक त्यासाठी घातलंच नव्हतं. पण कशासाठी घातलं होतं, ते तरी कुठल्या तोंडानं सांगायचं?

"ऱ्हाऊ दे, लेकरा. बाबांची जागा हाय ती. आन् असं तान्ह्या पोराखाली घालत्यात तसलं घालून… नगं. बहिनीला निरोप धाड. म्हनावं, भाऊ आजारी हाय."

ते काठी टेकत मागे वळले.

हेरंबला आधी बरं वाटलं. सीट वाचली. पाठोपाठ, आपल्याला बरं वाटलं याचीच त्याला लाज वाटली. दोन्ही इतकं झटपट झालं की तो दाराला धरून उभाच राहिला.

"थांबा हो तातोबा."

माई येत होत्या. खांद्यावर शाल, हातात पाण्यानं भरलेला तांब्या.

"मीही येते. तुमच्या बहिणीच्या घरची आंबील कधीची प्यायले नाही."

त्यांनी वाकून प्लास्टिक ओढून काढलं, घडी केली आणि हेरंबच्या हातात दिली. त्याच्याकडे पाहिलं नाही.

मग त्या डाव्या दारानं आत शिरल्या आणि बाबांच्या जागेवर बसल्या. तिथं बसूनच तांब्या तोंडाला लावला. दोन घोट प्यायल्या.

उरलेलं पाणी त्यांनी सीटवर ओतलं.

सांडलं, असं कुणी म्हणालं असतं. पण हेरंब समोर उभा होता. माईंचा हात कधी कापत नसे. सकाळीच त्यांनी समईत तेल घातलं होतं, थेंबही बाहेर गेला नव्हता.

पाणी सीटभर पसरलं. बाबांच्या खळग्यात साचलं. तिथं क्षणभर फणसाची पानं हलताना दिसली, मग चामडं ते पिऊ लागलं.

माई सरकत उजवीकडे गेल्या. तिकडेही ओलंच होतं. त्या ओल्यातच टेकल्या.

"बघा, केला ना घोटाळा," त्या म्हणाल्या. "सगळी सीट भिजवली. तातोबा, तुम्हाला ओल्यात बसावं लागणार. चालेल?"

तातोबा त्या पाण्याकडे बघत राहिले. मग माईंच्या भिजलेल्या लुगड्याकडे.



"चालंल की," ते म्हणाले. "तुमी बसलाय तर मला काय धाड भरलीय."

हेरंबने पुढे होऊन त्यांचा पाय उचलून आत घेतला. घडी केलेलं प्लास्टिक फणसाच्या बुंध्याशी पडून राहिलं.

गाडी घाट उतरू लागली.

आरशात आता तातोबा दिसत होते. खिडकीतून एकेक वळण ओळखत होते. इथं पूर्वी झरा होता. इथं बाबांचा अंगठा ठेचकाळला होता. म्हातारा बोलायला लागला होता.

मध्येच गप्प झाला.

हेरंबने आरशात पाहिलं. तातोबांनी डोळे गच्च मिटले होते. काठीवरची बोटं आवळली होती. थोड्या वेळानं गाडीत वास आला.

हेरंबचा हात सवयीनं काच खाली करायच्या कळीकडे गेला.

तिथंच थांबला.

काच उतरली असती, तर म्हाताऱ्याला कळलं असतं की वास कळलाय. त्यानं हात परत चाकावर ठेवला.

"तातोबा," मागून माई विचारत होत्या, "फडक्यात काय बांधलंय बहिणीला?"

"…खारीक-खोबरं," डोळे न उघडता ते म्हणाले. "ल्हान असताना माझ्या वाटनीचं बी चोरून खायची."

"अजून चावता येईल तिला?"

"न्हाई यायचं." त्यांनी डोळे उघडले. "पर बघून हसंल तरी."

बहीण अंगणाकडच्या खोलीत पडून होती. भाऊ आत आला, तसा तिनं हात लांब केला. तातोबा तिच्या उशाशी बसले. तिनं त्यांच्या गालावरून हात फिरवला, मग खांद्यावरून, मग धोतरापर्यंत आला आणि थबकला.

"भिजलास कशानं रे?"

हेरंब उंबऱ्यात उभा होता. त्यानं माईंकडे पाहिलं.

"ह्या माईंनी पानी सांडलं गाडीत," तातोबा म्हणाले. अगदी सहज.

"माझ्याच हातून," माई म्हणाल्या. "हे बघ, मीही भिजलेय."

बहीण हसली. तिच्या तोंडात दात नव्हते.

सुनेनं कोरडं धोतर आणून दिलं. तातोबा तिथंच राहिले. नंतर कळलं, बहीण पुढच्या आठवड्यात गेली, तेव्हा तिचं डोकं भावाच्या मांडीवर होतं.

पण त्या दिवशी, मठात परतल्यावर, हेरंब सीट पुसायला बसला.

जे जे ठाऊक होतं, ते त्यानं सगळं केलं. कोरड्या फडक्यानं दाबून ओल टिपली, घासली नाही. सौम्य धुणं पाण्यात कालवून हलक्या हातानं फिरवलं. पुन्हा टिपलं. गाडी उन्हातून काढून वाऱ्याला लावली. वास गेला. दुसऱ्या दिवशी चामडं वाळलं तेव्हा त्यानं बोटभर मलम घेऊन ते सावकाश जिरवलं. चामडं मऊ झालं.

डाग मात्र राहिला.

बाबांच्या खळग्यावरच, मोठा, वेडावाकडा. बाबांच्या बसण्याचा काळसरपणा कुठला आणि डाग कुठला, ते आता सांगता येत नव्हतं.

तो कितीतरी वेळ त्याकडे बघत बसला. मग माईंना हाक मारली.

माई हात पुसत आल्या.

"माई, करता येईल ते सगळं केलं." "हा आता जायचा नाही. कायमचा राहणार."

माई वाकल्या. त्यांनी डागावर तळवा ठेवला. अंगात ताप आहे का बघावं, तसा.

"हाताला मऊ लागतंय," त्या म्हणाल्या. "छान केलंस."

"पण डाग, माई… जो येईल त्याला दिसेल."

माईंनी तोच हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

"हो ना," त्या म्हणाल्या. "आता इथं बसायला कुणी लाजणार नाही."