पळपुटं शहर आणि पाण्याच्या तीन बहिणी

एक होती राजकन्या, पोवळा नावाची. आणि तिचं शहर होतं पळपुटं. हसताय काय? खरंच होतं.

ते होतं उंच, कोरड्या माळावर. ढग यायचे ते डोंगरापलीकडे रिकामे होऊनच यायचे. शहराला एकच तळं, आणि तळ्यात एक दगडी हत्ती. पाणी हत्तीच्या गुडघ्याखाली गेलं की प्रधान नगारा वाजवायला सांगायचे. मग अख्खं शहर उठायचं. गाठोडी बांधायची, दारं चौकटीतून काढून गाड्यांवर रचायची आणि चालू लागायचं, दुसरं तळं सापडेपर्यंत. दगडी हत्तीही ओंडक्यांवरून ओढत न्यायचे. त्यामुळे तिथे कुणी विहीर खणत नसे, बरं का. विहीर काही गाड्यावर घालून नेता येत नाही, असं म्हातारे म्हणायचे. गाठोडं कोण लवकर बांधतं याच्या मात्र शर्यती लागायच्या.

आणि एक वाईट रीत होती. ज्याला चालता येत नाही त्याने मागे राहायचं. त्याच्या उशाशी पाण्याची एक घागर ठेवायची, नमस्कार करायचा आणि निघायचं. म्हातारे प्रधान? ते पालखीतून जायचे. पालखीतल्या माणसाला कुठे चालावं लागतं?

मग काय झालं, एके वर्षी पाऊस आलाच नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. हत्तीचे गुडघे उघडे पडले आणि नगारा वाजला. पोवळाची एक दाई होती, भिवरादाई. पोवळाची आई गेल्यावर तिनेच पोरीला वाढवलेलं. आता तिचे पाय गेले होते. पोवळा तिच्या खोलीत गेली, तर उशाशी घागर आधीच ठेवलेली.

पोवळा तडक दरबारात गेली. म्हणाली, दाईला पालखीत घ्या. प्रधान केरोपंत हसून म्हणाले, "ताईसाहेब, आज दाईला घेतलं तर उद्या जो तो आपल्या आजीसाठी पालखी मागेल."

"मग मागू देत," पोवळा म्हणाली. "तुम्ही उतरा की खाली."

राजाने मान खाली घातली. पण अमावस्येला निघायचं ठरलं होतं, ते काही बदललं नाही.

पोवळा रागारागाने तळ्यात उतरली. भर दुपार होती. उरलंसुरलं पाणीही एव्हाना आटलं होतं, गाळाला भेगा पडल्या होत्या. हत्तीच्या सोंडेवर थाप मारून ती म्हणाली, इतकी वर्षं नुसता उभा आहेस, काहीतरी बोल. आणि हत्तीने डोळा उघडला. हो, दगडाचाच हत्ती. मध्ये विचारू नकोस, ऐक.

"सगळे माझे गुडघे बघतात," हत्ती म्हणाला. "पायाखाली कुणीच बघत नाही." आणि त्याने पाय उचलला. खाली पायऱ्या होत्या.

पोवळा उतरत गेली. वरचं ऊन नाण्याएवढं झालं, मग टिकलीएवढं, मग दिसेनासं झालं. आणि तिला ऐकू आलं पाणी. माळाच्या पोटात, अख्ख्या शहराच्या खाली, अंधारात पाणी श्वास घेत होतं. पोवळाच्या मनात आलं, इतके दिवस आपण याच्यावर तहानलेले झोपत होतो?

तिथे तीन दालनं होती आणि तीन दालनांत तीन बहिणी.

पहिल्या दालनात थोरली. खडकाच्या फटीत बसलेली, काळीशार, थंड. तिच्या केसांत तुमच्या पणजीच्या वेळचा पाऊस अडकलेला. ती म्हणाली, "डोंगराच्या पायथ्याशी खण, मी येईन. पण मी हळू चालते. भरल्या वर्षी मला हात लावू नका."

मग दुसऱ्या दालनात मधली. तिचा पाय जमिनीला ठरत नव्हता. पावसात छपरांवरून, गल्ल्यांतून धावणारी तीच. ती म्हणाली, "दरवर्षी तुमच्या दारावरून जाते. एकानेही बस म्हटलं नाही."

मग तिसऱ्या दालनात धाकटी. तोंड मळलेलं, कोपऱ्यात उभी. अंघोळीचं, धुण्याचं सांडपाणी म्हणजे हीच. ती हळूच म्हणाली, "मला वाळूतून, लव्हाळ्यांतून चालव. मी बागा पिकवीन, गुरं धुवीन. गोडं पाणी तेवढं वाचेल."

पोवळा वर आली आणि सगळं सांगितलं. म्हातारे म्हणाले, पोरीला ऊन लागलं. तरणी पोरं मात्र कुदळी घेऊन तिच्यामागे डोंगराकडे गेली. पहिल्या जागी खणलं, नुसता मुरूम. दुसऱ्या जागी कातळ. तोवर अमावस्या आली आणि केरोपंतांची पालखी वेशीबाहेर पडलीसुद्धा. तिसऱ्या जागी पोवळाने दगडाला कान लावला. आत कुणीतरी हळूहळू चालत येत होतं. खणलं, आणि माती ओली झाली. मग काळी झाली. मग तिच्यात आभाळ दिसलं.

पहिली ओंजळ भिवरादाईला दिली. दाई प्यायली आणि म्हणाली, "पोरी, गार आहे गं." तेवढं ऐकलं आणि राजाने स्वतःच्या हातांनी आपल्या गाठोड्याची गाठ सोडली.

मग घराघराला पन्हळी लागल्या, अंगणाखाली टाकी बांधली. मधली बसायला शिकली. धाकटीसाठी शहराच्या उतारावर लव्हाळ्यांचं रान लावलं. केरोपंत परत आले आणि नाक धरून बसले, पण त्या रानापलीकडचे पेरू सगळ्यांत जास्त त्यांनीच खाल्ले.

पुढे एक वर्ष धो धो पाऊस झाला. म्हातारे म्हणाले, आता कशाला काटकसर? पोवळाने थोरलीच्या विहिरीवर झाकण घातलं आणि स्वतः त्यावर जाऊन बसली. मग लागोपाठ तीन कोरडी वर्षं आली. गवत जळालं, पक्षी गेले. आणि पळपुटं शहर जागचं हललं नाही. उलट लांबलांबची तहानलेली माणसं तिथे आली, पाठीवर आपापल्या म्हाताऱ्यांना घेऊन. पोवळाने त्या सगळ्यांना जागा दिली.

भिवरादाई तिच्याच खोलीत, तिच्याच अंथरुणावर आणखी पुष्कळ म्हातारी झाली. ती सगळी सुखात राहिली. आता मिटा डोळे. सरक रे जरा, पांघरूण घे. झोपा.