वाऱ्याने भरलेला जिना

राजे रणधवल दुपारचं जेवून वरच्या महालाकडे निघाले, आणि चौथ्या पायरीवर त्यांचा नवाकोरा लोखंडी जिना मधोमध वाकला! महाराज बचावले. खापर फुटलं गेनू लोहारावर, कारण जिना त्याने घडवला होता.

खरं तर गेनूने पायऱ्या केल्या होत्या पत्र्याच्या, परातीसारख्या उथळ. वर फरशी बसवायची म्हणून दिवाणजींनी त्या चुना-विटांनी गच्च भरल्या. पण दिवाणजींना बोलणार कोण?

"जिना सरळ कर!" महाराज गरजले. "फरशी आम्हाला हवीच. खाली पोकळ नको, पोकळ पायरीवर आम्ही पाय ठेवत नसतो. आणि भराव हलका पाहिजे!"

"हलका म्हणजे किती, महाराज?"

"एका पायरीचा भराव आमच्या दुपारच्या जेवणाएवढा. गुंजभर जास्त झाला, तर तुझी ऐरण तळ्यात!"

"अरेरे," दिवाणजी हळहळले. "महाराज तर चिमणीएवढं खातात."

दरबारात कोणी हसलं नाही. सवय होती.

ऐरण गेली म्हणजे लोहाराचं घरच बुडालं. गेनूने जिना सरळ केला आणि भरावाच्या मागे लागला. भुसा भरला, फरशी खचली. कापूस भरला, दिवाणजी घोट्यापर्यंत आत गेले. लाह्या भरल्या, तर मुंग्यांनी दोन दिवसांत पायरी रिकामी केली. गेनू कपाळाला हात लावून बसला.

त्याची लेक येसू मात्र कुंभारवाड्यात गेली. संक्रांत नुकतीच झालेली. न खपलेली सुगडं, वाणाची ती छोटी मडकी, अंगणात ढिगाने पडली होती. अंगाने चांगली दांडगी कुंभारीण उपड्या सुगडांवर फळी टाकून, तिच्यावर ऐसपैस बसून वांगी चिरत होती.

"मावशे, खालची फुटत नाहीत होय गं?"

"काय धाड भरलीय त्यांना! एकमेकांना खेटून बसलीत."

"मग सगळी दे."

येसूने प्रत्येक पायरीत सुगडं उपडी घातली, खेटून खेटून. फटींत चुना, वर पातळसा थर, त्यावर फरशी. वजनासाठी आणखी एका पायरीपुरता भराव बाजूला काढून ठेवला.

ठरल्या दिवशी तराजू आला. एका पारड्यात सुगडं आणि चुना, दुसऱ्यात महाराजांचं जेवण. पुरणपोळ्यांची चवड, लाडू, श्रीखंडाचं पातेलं, वर अकरा वाट्या. जेवणाचं पारडं धाडकन खाली!

"आज जरा जास्त वाढलंय," दिवाणजी पुटपुटले.

"दोन पोळ्या काढू का, दिवाणजी?" येसूने विचारलं.

दोन काढल्या. दहा काढल्या. पारडं जागचं हललं नाही.

दिवाणजी चिडले. "महाराज, फसवणूक! त्या मडक्यांत काहीच नाही. पायऱ्या पोकळच आहेत!"

"काय भरलंयस गं त्यांत?" महाराजांनी डोळे वटारले.

"वारा, महाराज. मोकळा सोडला तर टिकत नाही, म्हणून कोंडून ठेवलाय."

महाराजांनी काठीने फरशी ठोकली. ठणठणली नाही. मग ते स्वतः चढले. चौथी पायरी, पाचवी, पार वरपर्यंत. जिना जसाच्या तसा.

"पोरी," वरून महाराज म्हणाले, "आमचं जेवण जड भरणार, हे तुला आधीच कसं कळलं? इथे तर कोणालाच ठाऊक नव्हतं."

"त्या दिवशी सकाळी महाराज उपाशीपोटी याच जिन्याने खाली आले, तेव्हा तो सरळ होता. जेवून चढले, तेव्हा वाकला. मधल्या वेळात जिन्यात कोणी काही भरलं नव्हतं, महाराज!"

दिवाणजींनी डोळेच मिटले.

आणि महाराज हसले! असे हसले, की कठडा धरावा लागला. जिना हलला, पण वाकला नाही.

गेनूची ऐरण घरीच राहिली. येसूला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या, शिवाय पारड्यातलं ते जेवण. ते लोहाराच्या घरी पोचवायला चार माणसं लागली.