कोंडाजी सुताराचा कर्णा

आमच्या पठारावर विजेचे खांब चढले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. ज्यांनी पाहिलं ते गेले. त्यांनी ज्यांना सांगितलं, त्यांच्याकडून मी ऐकली. ऐकली तशी सांगतो. पदरचं काही घालत नाही.

मुरडेवाडीत कोंडाजी नावाचा सुतार होता. त्यानं केलेला नांगर तीन पिढ्या चालायचा, असं म्हणतात. बोलायचा कमी. गावानं विचारलं तर सांगायचा, आणि तो सांगेल ते गाव ऐकायचं.

पठाराच्या एका अंगाला बैलकडा आहे. सरळ तुटलेला. श्रावणात धुकं उतरलं की स्वतःच्या हातातली काठी दिसत नाही. गुरं घेऊन गेलेली माणसं वाट चुकायची. म्हणून कोंडाजीनंच सुचवलं, की जत्रेत असतं तसं बोलायचं यंत्र आणू, त्याचा पत्र्याचा कर्णा देवळापुढच्या उंबरावर टांगू. मोटारीच्या बॅटरीवर यंत्र चालेल. धुकं पडलं की हाक मारायची. हाकेच्या रोखानं माणसं घरी येतील.

गावाला पटलं. कर्णा टांगला. पण पत्र्याचा आवाज चिरका. तो समोरच्या डोंगरावर आपटून माघारी यायचा, आणि धुक्यातल्या माणसाला वाटायचं, गाव तिकडं आहे. तिकडं कडा होता. पहिल्याच श्रावणात कोंडाजीचा धाकटा भाऊ हैबती त्या आवाजामागं चालत गेला. हाक कोंडाजीच मारत होता.

हैबतीची बायको साळू. दोघा भावांची घरं भिंतीला भिंत लागून. वर्षभर साळू थोरल्या दिराशी एक शब्द बोलली नाही. गावाला मात्र तिनं सांगून ठेवलं होतं, "त्या कर्ण्याच्या आवाजावर मी पाऊल टाकणार नाही. असेन तिथं बसून राहीन." श्रावणात पठारावर बसून राहिलेलं माणूस गारठून मरतं. हे तिला कळत होतं. पण घरात दोन म्हशींशिवाय काही नव्हतं, आणि चारा कड्याच्याच अंगाला होता.

कोंडाजीनं पत्र्याचा कर्णा उतरवला. फणसाचं लाकूड काढलं आणि लाकडी कर्णा करायला बसला.

पहिला केला तो पेरणीच्या चाड्यासारखा, सरळ निमुळता. आवाज घशात हाडूक अडकल्यासारखा आला. मोडला. दुसरा केला त्यात वितीवितीला रुंदी दुप्पट केली. तोंड इतक्या लवकर उघडलं की आवाज चहूकडं सांडला. देवळाचा गुरव म्हणाला, "कोंडाजी, यात कोंबड्या ठेव. निदान अंडी तरी मिळतील." कोंडाजीनं तोही मोडला.

एके सकाळी साळूनं धान्याची मापं धुऊन दोन्ही परसांमधल्या दगडी गडग्यावर ओळीनं पालथी घातली होती. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली. कोंडाजी पलीकडून बघत उभा राहिला. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, असं प्रत्येक माप मागच्याच्या दुप्पट. पण तोंड काही दुप्पट रुंद नाही. तेव्हा त्याला आपली चूक कळली. त्यानं रुंदी दुप्पट केली होती. दुप्पट व्हायला हवी होती ती तोंडाच्या आतली जागा.

तो म्हणाला, "साळू, मापं दे. आणून देतो."

वर्षानं ती पहिल्यांदा बोलली. "माणूस नेलंत, ते आणून दिलंत का?"

तो गडग्यापाशीच उभा राहिला. थोड्या वेळानं तिनं मापं एकात एक घालून त्याच्या बाजूला ठेवली आणि आत गेली.

कोंडाजीनं पत्र्याच्या कर्ण्याची नुसती मान ठेवली. तिच्यापुढं लाकूड. पहिल्या तोंडावर एक निळवं हुलगे एकेरी पसरून बसतील एवढी जागा आखली. एक वीत पुढं कोळव्याची. आणखी एक वीत पुढं चिपट्याची. असं करत पाचव्या वितीला अधोलीभर हुलगे मावतील एवढं तोंड. मग बांबूची कामटी वाकवून सगळ्या खुणांना टेकवली, आणि ती जशी वळली तसं लाकूड तासलं. त्या कर्ण्यात सरळ रेघ कुठंच नव्हती. सुरुवातीला वळण दिसायचंही नाही, आणि शेवटाला कमळासारखं उघडायचं. तासताना लाकूड आपणहून त्याच्या रंध्याखाली वळायचं, असं म्हणतात.

कर्णा उंबरावर चढला आणि तिसऱ्या दिवशी भर दुपारी धुकं उतरलं. सात माणसं बाहेर होती. त्यांत साळू होती.

गुरव म्हणाला, "मार हाक."

कोंडाजीला हाक मारता येईना. भाऊ गेल्यापासून त्याची हाक गेली होती. तो यंत्रापुढं बसला आणि घरात बोलावं तसं हळू बोलू लागला. काय बोलावं सुचेना, म्हणून पहिल्या आळीपासून एकेका घराचं नाव घेऊ लागला.

तो आवाज डोंगरावर आपटला नाही. धुक्यात त्याची पायवाट पडली, असं म्हणतात. दोन्हीकडं धुकं, मधे चालण्यापुरती वाट. आधी म्हशी वळल्या. मग एकामागून एक सहा माणसं आली. जन्माचा बहिरा बाबू धनगरही आला आणि म्हणाला, "कुणीतरी माझ्या घराचं नाव घेतलं."

साळू आली नाही. ती कड्यापासून वीस पावलांवर बसून होती. तिनं कानांवर पदर ओढला होता.

कोंडाजी नावं घेत शेवटच्या आळीला पोचला. "हैबती सुताराचं घर," म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "या घरचा माणूस माझ्या हाकेनं गेला. बाई बाहेर आहे. ये म्हणायला मला तोंड नाही. गाव इकडं आहे, एवढंच सांगतो."

बराच वेळ काही झालं नाही. कोंडाजी तेच पुन्हा बोलत राहिला. मग धुक्यातून साळू आली. लुगडं ओलं, पाय चिखलानं भरलेले. यंत्रापुढून जाताना म्हणाली, "भाऊजी, बास करा. आले."

त्यानंतर कोंडाजी वीस श्रावण त्या यंत्रापुढं बसला. बैलकड्यानं पुन्हा माणूस घेतलं नाही. पुढं कोंडाजी गेला. कर्ण्याला वाळवी लागली. तेव्हा गावानं तशीच मापं घेऊन दुसरा केला, आणि तोही जुना झाला तेव्हा तिसरा.

आजही मुरडेवाडीत धुकं उतरलं की कुणी ओरडत नाही. एकजण यंत्रापुढं बसतो आणि पहिल्या आळीपासून घरांची नावं घेतो. ज्या घराची सगळी माणसं परत आली, त्या घरानं दारात येऊन 'आहे' म्हणायचं. शेवटचं घर 'आहे' म्हणेपर्यंत गावात चूल पेटत नाही. हैबतीचं नाव घेतात. त्याच्या पुढचं घर कोंडाजीचं. स्वतःच्या घराचं नाव त्यानं त्या दिवशी घेतलं नव्हतं, पुढंही कधी घेतलं नाही. म्हणून अजून कुणी घेत नाही. बोलणारा तिथं एक श्वास थांबतो. तेवढ्यात साऱ्या गावानं एकदम म्हणायचं असतं, "आहे."