कासवलीत वादळाला नणंदेचं नाव का ठेवतात

कासवलीच्या खाडीच्या तोंडाशी एक काळाकभिन्न खडक आहे. भरतीलाही त्याचा माथा कोरडा राहतो. त्याला हाकेचा खडक म्हणतात. हल्ली वादळांची नावं निरनिराळे देश पाळीपाळीनं ठेवतात आणि ती रेडिओवरून कासवलीलाही कळतात. पण म्हातारे चांगो नाखवा पाहुण्यांना या खडकापाशी आणतात आणि म्हणतात, "तं नाव जगासाठी. आमचं आमी ठेवतो." मग बसकण मारून ते बयजाची हकिकत सांगतात.

फार पूर्वी, म्हणे, कासवलीत वादळाचं नाव कुणी घेत नसे. रात्री सापाला जसं 'लांबडं' म्हणायचं, तसं वादळाला नुसतं 'ती' म्हणायचं. जो तिला नावानं हाक मारील त्याच्या दारात ती येते, अशी समजूत होती. आणि बोलावून वादळ घरी आणायची हौस कुणाला असणार?

एका वर्षी 'ती' आली तेव्हा गावच्या होड्या खाडीपलीकडे डोंगराच्या आडोशाला शिरल्या. बयजाचा नवरा हशा त्यांत होता, दीर होता, गावातले बहुतेक कर्ते पुरुष होते. डोंगरामुळे त्यांना उघडा समुद्र दिसत नसे. म्हणून अलीकडच्या खडकावर उभं राहून एक बाई त्यांना हाक देई. आवाज खणखणीत म्हणून ते काम बयजाकडे होतं. सासूला उत्तरं देऊन देऊन हिचा गळा तयार झालाय, असं गाव तिला चिडवत असे.

वादळ ओसरलं. बयजानं खडकावर चढून हाक दिली, "ती गेली रे!" पलीकडे आनंदाचा गलका उठला. उपाशी माणसं ती, घरची ओढ लागलेली. मधल्या वाळूच्या दांड्याला वळसा घालून, उघड्या समुद्रातूनच घरी यायचं होतं. होड्यांचे दोर सुटायला लागले.

बयजा उतरायला वळली आणि थबकली. वारा पडला होता, ऊन आलं होतं, पण लाटा लांबलांबून, सावकाश, फुगत येत होत्या. सरत्या वादळाच्या लाटा अशा नसतात. मागून दुसरं येत होतं. ती तशीच मागे फिरली.

"ती येते रे! होऱ्या सोडू नका!"

पलीकडून हसत उत्तर आलं, "ती त गेली! तूच सांगितलंस ना!"

ती जीव तोडून ओरडत राहिली. पण जितकं ओरडे तितकं त्यांना वाटे, बाई घाबरलीय. बिननावाच्या एका वादळातून दुसरं वेगळं काढून दाखवायचं तरी कसं? पहिल्या होडीचं शीड वर चढलं. ती होडी हशाची होती.

बयजाला दोन नणंदा होत्या. थोरली गोमी माहेरी येई, चार दिवस कुरकुर करी आणि निघून जाई. धाकटी चिमी आली की मात्र घरात एक मडकं शाबूत राहत नसे. तिचा राग सगळ्या गावानं पाहिलेला. आपल्या घराचं व्हायचं ते होवो, असं म्हणून बयजानं डोळे मिटले आणि सगळं बळ एकवटून हाक दिली.

"गोमी गेली रे! मागशी चिमी येते! चिमी!"

पलीकडे चढलेलं शीड खाली आलं. हशाला आपली बहीण चांगली ठाऊक होती.

चिमी आली ती, म्हणे, सरळ बयजाच्या दारात. छप्पर उडालं, कूड कोसळला. त्या पडक्या दारात उभं राहून बयजानं नारळ-तांदळांनी वादळाची ओटी भरली. नावानं बोलावलं, माहेरवाशीण मानलं, मग रिकाम्या ओटीनं कशी पाठवायची? त्यानंतर वारा नरमला, असं सांगतात. पलीकडचं एकही माणूस दगावलं नाही. परतल्यावर त्यांनी आपापल्या घरांकडे न बघता आधी बयजाचं घर उभं केलं. खरी चिमी ही गोष्ट ऐकून महिनाभर रुसली आणि मग जन्मभर तिचाच तोरा मिरवत राहिली.

आजही वादळाची बातमी आली की कासवलीतली एखादी सून खडकावर चढते आणि आपल्या नणंदेच्या नावानं त्याला हाक मारते. जुनी समजूत कुणी सोडलेली नाही, त्यामुळे हाक देताना प्रत्येकीला भीती वाटतेच. पण ती खडकावरून उतरून घरी येईपर्यंत सारं गाव दोर घेऊन तिच्या अंगणात जमलेलं असतं. आधी तिचं छप्पर बांधतात, मग आपापलं.